मजकूर-संपादक, देवनागरी

वेबवरील अनुप्रयोगात मजकूर लिहिता यावा आणि लिहितानाच तो ठळक, तिरपा, रंगीत किंवा मथळ्याच्या रूपात मांडता यावा, यासाठी जोडलेल्या आज्ञावलीस मजकूर-संपादक (रिच टेक्स्ट एडिटर) म्हणतात. ही आज्ञावली सामान्यतः जावास्क्रिप्ट (१९९५) या भाषेत लिहिलेली असते. मराठीत या साधनाचा इतिहास दोन-अडीच दशकांचाच आहे; परंतु अक्षर आणि त्याची मांडणी या दोन गोष्टी भिन्न असून दोन्ही सांभाळाव्या लागतात, ही जाण मराठीत जुनी आहे.

महाड तालुक्यातील शिवथरघळ येथे समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचे निरूपण करतो. अक्षर वाटोळे, सरळ व मोकळे असावे. काना, मात्रा, वेलांटी, रफार स्पष्ट असावेत. आरंभापासून शेवटपर्यंत एकच वळण दिसावे, असे तो सांगतो. तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी वाचता येत नाही, म्हणून मध्यम आकार घ्यावा, हा त्यातील सल्ला मोठा व्यवहारी आहे. कागदाच्या चहूबाजूंनी जागा सोडण्याचे कारण मात्र शोभा नव्हे. कडा झडल्या तरी अक्षर जाऊ नये, हा त्यामागील हेतू. पोथीतील चुकीवर पिवळा हरताळ लावून ती झाकीत. शुद्धीसाठी त्याची गरजच पडू नये, अशी समर्थांची अपेक्षा होती. केलेली दुरुस्ती मागे घेण्याची सोय आजच्या संपादकात असते, हरताळात ती नव्हती.

मराठी संगणकावर आली तेव्हा अक्षर व मांडणी यांचा हा भेद काही काळ पुसला गेला. १९९० च्या दशकातील मुद्रणासाठीच्या बहुतेक टंकांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसविलेले होते. ‘शिवथर’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते त्या क्रमाने ‘श’ च्या आधी साठविली जाई. टंक बदलताच मजकूर निरर्थक रोमन चिन्हांत रूपांतरित होई. म्हणजे सजावट गेली की अक्षरही गेले. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये इस्की ही संकेतप्रणाली प्रमाणित केली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. या दोहोंत वेलांटी उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतर, साठविली जाते.

ब्राउझरच्या पानावरच लिहिण्याची सोय २००० मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या ५.५ व्या आवृत्तीत आली. तिच्या आधारे एफसीकेएडिटर (२००३), टायनीएमसीई (२००४) यांसारखे तयार संपादक निघाले. आज्ञालेखकाला ते थोड्या ओळींत आपल्या अनुप्रयोगास जोडता येत. मराठी संकेतस्थळांना आणखी एका थराची गरज होती, कारण त्या काळी पुष्कळ संगणकांवर देवनागरी कळफलक कार्यान्वित केलेला नसे. रोमन कळ दाबली असता तिचे मराठी अक्षर करणारी ‘गमभन’ सारखी जावास्क्रिप्ट आज्ञावली ही उणीव भरून काढी. महाडच्या किंवा पोलादपूरच्या रहिवाशाला वेगळा टंक न शिकता मराठी लिहिता येणे, हे तिचे खरे मोल.

अडचणी सुरू होतात त्या अक्षराच्या व्याख्येपासून. ‘पोलादपूर’ या नावात वाचकाला पाच अक्षरे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती आठ चिन्हे आहेत. चिन्हे मोजून ठळकपणा देणारा संपादक ‘प’ आणि त्याचा ऊकार यांमध्ये खूण घालू शकतो. मग काही ब्राउझरांत ऊकार सुटा होऊन ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकतो. मागे खोडणारी कळ सामान्यतः एकच चिन्ह काढते, तर पुढे खोडणारी अख्खे अक्षर. अक्षरांतील अंतर वाढविले की शिरोरेषा तुटते आणि अधोरेखा उकारांना छेदते. पुढे प्रोझमिरर (२०१५) यासारख्या संपादकांनी मजकुराची स्वतंत्र, नियमबद्ध रचना ठेवून पडद्यावरचे रूप तिच्यावरून घडविण्याची पद्धत घेतली. तिने विस्कळीत खुणांचा प्रश्न बराच सुटला. मोबाइलचा कळफलक मात्र सुट्या कळा न कळविता शब्द जुळत असतानाच मजकूर बदलत राहतो, आणि तेथे कळांवर विसंबलेली जुनी आज्ञावली फसते.

सर्वांत सूक्ष्म अडचण खास मराठीची आहे. पोलादपूरच्या घाटमाथ्याखालील ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठविता येतो : ‘ऱ’ चा स्वतंत्र संकेतांक वापरून, अथवा साधा ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांच्या साहाय्याने. चिकटविलेला मजकूर स्वच्छ करताना संपादकाने ते अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून गाळले, तर ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातील गावाला समुद्र येऊन मिळतो. चिन्ह शाबूत राहिले तरी दोन्ही रूपे पडद्यावर सारखी दिसतात आणि एकाचा शोध घेतल्यास दुसरे सापडेलच असे नाही. युनिकोडचे प्रमाणीकरणाचे नियम त्यांना समान मानीत नाहीत. ती एकरूप करण्याची तजवीज संपादक जोडणाऱ्यालाच मजकूर साठविण्यापूर्वी करावी लागते.