दुखण्याची गोळी: पोट, मूत्रपिंड आणि गिधाडं

रहाटणीत आजचा विषय ठरवताना आम्ही त्याला जड नाव दिलं नाही. मेडिकलच्या काउंटरवर जे नाव चालतं तेच ठेवलं, ‘दुखण्याची गोळी’. गुडघा दुखो, कंबर दुखो, मान धरो, मागणी एकच असते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन ही औषधं वेगवेगळी असली तरी कूळ एकच: सूज उतरवून दुखणं कमी करणारी औषधं. पॅरासिटामॉल या कुळातलं नाही, एवढं आत्ताच लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नदीपलीकडे पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आहे. १९५४ साली सरकारने ही कंपनी काढली आणि १९५५ साली तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. एमआयडीसीची स्थापना झाली १९६२ साली. म्हणजे आपल्या या पट्ट्यात मोठमोठे मोटारींचे कारखाने येण्याआधी औषधाचा कारखाना उभा राहिला होता, हे आपण बरेचदा विसरतो. पेनिसिलिन जंतूंवर चालतं. पण पुढे प्रेसशॉप, फोर्जिंग, असेंब्ली लाईन आली तेव्हा नवं दुखणं आलं, वाकून, उचलून, उभं राहून आलेलं. त्यावर जंतुनाशकाचा काही उपयोग नव्हता.

या दुखण्यावरची गोळी मात्र खूप जुनी. जर्मनीत बायर कंपनीच्या फेलिक्स हॉफमन या रसायनतज्ज्ञाने १८९७ साली अॅस्पिरिन तयार केलं आणि १८९९ पासून ते त्या नावाने विकलं जाऊ लागलं. जगभर लोक ते खात राहिले. १९३८ साली लंडनच्या गायज् हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पोटात नळी घालून पाहिलं, तेव्हा अॅस्पिरिनने जठराचं अस्तर लाल होतं, हे प्रत्यक्ष डोळ्यांना दिसलं. मधे गेली जवळपास चाळीस वर्षं! आणि असं का होतं, हे कळायला आणखी तेहतीस. १९७१ साली जॉन वेन यांनी दाखवलं की ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार होऊ देत नाहीत. १९८२ साली त्यांना नोबेल मिळालं.

इथे जरा थांबू या, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. प्रोस्टाग्लँडिन सांध्यात सूज आणतात, वेदना वाढवतात. पण तेच पदार्थ जठराच्या अस्तराची राखण करतात. आणि अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवण्याचं कामही त्यांचंच. गोळीला गुडघा कुठला आणि मूत्रपिंड कुठलं हे कळत नाही. ती रक्तातून सगळीकडे जाते. म्हणून ‘मी जेवून घेतो, मला काही होत नाही’ हे उत्तर अर्धंच खरं. जेवणाने जळजळ कमी होते. रक्तातून होणारा परिणाम जेवणाने थांबत नाही.

आता भट्टीशेजारी आठ तास उभा राहणारा माणूस डोळ्यासमोर आणा. घाम वाहतोय, लाईन सोडता येत नाही म्हणून पाणी कमी पितोय, आणि ओव्हरटाइम करायचा म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळी. ज्या वेळी मूत्रपिंडाला प्रोस्टाग्लँडिनची सर्वात जास्त गरज, नेमक्या त्याच वेळी आपण ते बंद करतो. कंत्राटी कामगाराला सुट्टी घेतली की रोज बुडतो, म्हणून तो गोळी घेतो. त्याला बेफिकीर म्हणणं आम्हाला पटत नाही.

ही गोळी इतकी स्वस्त कशी झाली? डायक्लोफेनॅक हे सिबा-गायगी या स्विस कंपनीचं औषध. आपला १९७०चा पेटंट कायदा औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट देत होता. त्यामुळे भारतीय कंपन्यांनी वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवलं आणि किंमत कोसळली. गरिबाला औषध मिळालं, हे चांगलंच झालं. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असा नियम असताना सुटी विकली जाऊ लागली.

मग ती जनावरांकडे गेली. लंगडणाऱ्या बैलाला, सुजलेल्या गाईला डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन. मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं आणि गिधाडं मेली. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात नव्याण्णव टक्क्यांहून जास्त घटली. कारण बरीच वर्षं कळेना. रोग असावा असं वाटत होतं. २००४ साली पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या आतड्यांवर, यकृतावर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर होता. मूत्रपिंडं निकामी झाली होती. भारताने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनवण्यावर बंदी घातली. तर लोक माणसांसाठीची मोठी, ३० मिलिलिटरची बाटली जनावरांना टोचू लागले. म्हणून २०१५ साली माणसांसाठीची बाटलीही ३ मिलिलिटरवर आणली. गिधाडाला जेवढ्या औषधाने मरण येतं तेवढ्याने माणसाला येत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण इजा झाली ती त्याच अवयवाला.

हृदयाची गोष्ट याच सुमाराची. पोटाला सोसेल म्हणून १९९९ साली आलेलं रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे सप्टेंबर २००४ मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं, आणि भारतातही त्याच वर्षी त्यावर बंदी आली. पोट वाचवायला गेलो आणि हृदय अडचणीत आलं. आज हृदयविकार झालेल्यांना या कुळातल्या गोळ्या शक्यतो देत नाहीत, ते या अनुभवातून.

तुमच्या चिठ्ठ्या आल्या आहेत, वेळ थोडा आहे.

रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना ही घेतली तर? तिन्ही मिळून मूत्रपिंडावर ताण येतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्या एकदम घेतल्या तर? मागे छापलेलं औषधाचं नाव वाचा, दोन्हीत एकच औषध निघतं किंवा दोन्ही एकाच कुळातली असतात. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी असेल तर? डेंग्यू नाही हे कळेपर्यंत या कुळातली कुठलीच गोळी नको, रक्तस्राव वाढू शकतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही मापातच. काळी, डांबरासारखी शौचास झाली तर? गोळी बंद आणि त्याच दिवशी दवाखाना, वाट पाहू नका.

शेवटची चिठ्ठी: मलम लावलं तर चालेल का? गुडघा, हाताचे सांधे यांच्यासाठी डायक्लोफेनॅकचं मलम चांगलं काम करतं, आणि गोळीच्या मानाने फार थोडं औषध रक्तात जातं. जखमेवर लावू नका. आणि मलमाबरोबर गोळीही चालू असेल तर डॉक्टरांना दोन्ही सांगा. मलमाला औषध समजून सांगणारे फार थोडे भेटतात.