रस्ता पुढे बंद आहे

दोन वर्षांपूर्वी बाबा पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. पहिल्याच सकाळी "पायीच जाऊन दूध घेऊन येतो" म्हणून निघाले. दुकानाची पाटी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. पण मधे कुंपण, आणि रस्त्याने जायचे तर दोन मैल! फुटपाथही अर्ध्यावर संपतो. सदाशिव पेठेच्या बोळांतून जन्मभर वाट काढणारे बाबा रिकाम्या हाताने परतले. म्हणाले, "अरे, तुमच्याकडे रस्ते घरापाशीच संपतात!"

ते वाक्य मनात राहिले, म्हणून थोडी शोधाशोध केली.

अमेरिकेतली जुनी शहरे अशी नव्हती. १८११ च्या आराखड्यात मॅनहॅटनला १२ ॲव्हेन्यू आणि १५५ रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे आखले गेले. एक वाट अडली तर शेजारची मोकळी. पुढे मोटारी आल्या आणि रस्त्यावर मुलांचे बळी जाऊ लागले. म्हणून १९२९ साली आपल्याच न्यू जर्सीत, फेअर लॉन येथे, क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी 'रॅडबर्न' ही वसाहत रचली. मोटारींसाठी बंद गल्ल्या, म्हणजे कुल-डी-सॅक. पण माणसांसाठी बागेतून जाणाऱ्या पाऊलवाटा आणि मोठ्या रस्त्याखालून भुयारी वाट. मोटार थांबली तरी माणूस चालत राहावा, ही कल्पना! मंदीमुळे रॅडबर्न अर्धवटच राहिले.

१९३४ मध्ये गृहकर्जांना हमी देणारे सरकारी खाते स्थापन झाले. त्याच्या पुस्तिकांनी चौकटीच्या रस्त्यांऐवजी वळणदार रस्ते आणि बंद गल्ल्या सुचवल्या. हमी हवी म्हणून बिल्डरांनी ते मानले. महायुद्धानंतर उपनगरे झपाट्याने पसरली. त्यांत रॅडबर्नच्या बंद गल्ल्या आल्या, पाऊलवाटा मात्र बहुतेक ठिकाणी गळाल्या.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, नव्या रस्त्यांचा हा तुटकपणा १९९४ च्या सुमारास कळसाला पोचला आणि मग कमी होऊ लागला. २००९ साली व्हर्जिनियाने नियमच केला: रस्त्याची देखभाल सरकारने करावी असे वाटत असेल, तर नव्या वसाहतीने शेजारच्या रस्त्यांना जोडून घ्यावे.

घर पाडून नवे बांधता येते. एकदा आखलेला रस्ता मात्र पिढ्यान्पिढ्या हलत नाही. पण पाऊलवाटेला जागा ती किती लागते? आमच्या वसाहतीच्या सभेत कुंपणाला एक छोटे फाटक ठेवण्याचा अर्ज मी दिला आहे. आपल्याही घरामागे असे कुंपण असेल, तर जरूर विचारून पाहा.

बाबा पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येणार आहेत.