भिंतीवरचा बिंदू

मंडला जिल्ह्यातील ककैया गावच्या प्राथमिक शाळेत एका मुलाचे चित्त अभ्यासात ठरत नसे. नंदलाल झारिया गुरुजींनी भिंतीवर एक बिंदू काढला व त्याकडे एकटक पाहत बसण्यास त्याला सांगितले. तो विद्यार्थी म्हणजे १९२२ साली जन्मलेले चित्रकार सय्यद हैदर रझा.

नागपूर व मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील शिक्षणानंतर १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले. १९५६ साली तेथील कलासमीक्षकांचा मानाचा पुरस्कार त्यांना लाभला. निसर्गचित्रांनी कीर्ती दिली. पण आपल्या चित्रांत आपल्या मातीचे काय, हा प्रश्न १९७० च्या दशकात त्यांना अस्वस्थ करू लागला. उत्तर सापडले ते बालपणीच्या त्या भिंतीवर. सुमारे अर्धशतकानंतर बिंदू त्यांच्या कलेचे केंद्र झाला.

साठ वर्षांच्या वास्तव्यानंतर २०१० मध्ये ते भारतात परतले. २०१६ मध्ये निधन झाल्यावर त्यांच्या इच्छेनुसार मंडल्यातच, वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले.

गुरुजींना एक चंचल मूल स्थिर करावयाचे होते, एवढेच. शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात निकालांच्या आकड्यांसोबत अशा बिंदूंचेही स्मरण व्हावे. त्यांचा हिशेब कोणत्याच प्रगतिपुस्तकात मांडलेला नसतो.