पिवळी काच

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या शाळेतल्या आठवीच्या एका मुलाने मोबाईलवर गावाची चित्रफीत काढली. आमचे गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या उतरणीवर. पाऊस बरा झालेला, ओढा वाहता, सोयाबीन मांडीला लागलेले. पोराने पांदीपासून देवळामागच्या टेकडीपर्यंत सारे टिपले आणि मग त्यावर, त्याच्याच शब्दांत सांगायचे तर, ‘वॉर्म फिल्टर टाकला’. वर्गाने ती फीत पाहिली. मीही पाहिली आणि मला ती आवडली, हे आधीच कबूल करून टाकतो. सगळे रान सोन्याच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे दिसत होते.

रात्री त्याच्या मामांचा भोसरीहून फोन आला. मामा तिथे कारखान्यात कामाला. बहिणीच्या शेताला लागून त्यांचे दोन एकर आहेत, ते वाट्याने दिलेले. भाच्याची चित्रफीत त्यांनी पाहिली होती, पण कौतुकाचा शब्द नाही. विचारले ते एवढेच, “आरं, सोयाबीन पिवळं पडलं का काय? फवारणी केली का नाही?”

सोयाबीनवर पिवळा मोझॅक नावाचा रोग येतो. पांढरी माशी तो पसरवते, पानावर पिवळे चट्टे उठतात आणि शेंगा भरत नाहीत. ज्याचे पोट शेतावर आहे त्याला श्रावणातला पिवळा रंग हा रंग वाटतच नाही, ती बातमी असते. मुलाने मामांना परोपरीने सांगितले की पीक हिरवेगार आहे. मामांना ते पटायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली.

मग पोरगा माझ्याकडे आला. “सर, हिरव्याला पिवळं करायची ही बुद्धी पहिल्यांदा कुणाला झाली?” मी त्या वेळी काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन सुटका करून घेतली. पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि पुढे दोन महिने सवड मिळेल तशी मी त्याची पाळेमुळे खणत बसलो. पदार्थविज्ञान मी मॅट्रिकपुरतेच शिकलो; तेव्हा जे समजले ते माझ्या समजुतीच्या मापानेच सांगतो.

सतराव्या शतकात क्लोद लोरँ नावाचा एक फ्रेंच चित्रकार रोममध्ये राहत होता. 1682 साली तो तिथेच वारला. त्याची खासियत म्हणजे मावळतीचा किंवा उगवतीचा सोनेरी उजेड. बंदर असो, कुरण असो, सगळ्यावर तो मधासारखा पसरलेला. पुढच्या शतकात इंग्लंडातल्या हौशी लोकांना या चित्रांचे इतके वेड लागले की, खरा डोंगर पाहायला गेले तरी तो क्लोदच्या चित्रासारखा दिसला पाहिजे असा त्यांचा हट्ट असे. त्यासाठी ‘क्लोद काच’ निघाली. काळसर रंगाचा, किंचित फुगीर असा हा लहान आरसा. देखाव्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि आरशात पाहायचे. सारा डोंगर तळहाताएवढा, मऊ आणि चित्रासारखा! शिवाय रंगीत काचांचेही संच मिळत. पिवळी काच डोळ्यांपुढे धरली की भर दुपारी पहाट. टॉमस ग्रे हा कवी 1769 च्या ऑक्टोबरात उत्तर इंग्लंडच्या सरोवरांच्या मुलखात हिंडत असताना केझिकजवळ हा आरसा हातात घेऊन चालला होता. पाठमोरे पाहण्याच्या नादात तो चिखलाच्या वाटेवर उताणा पडला, बोटांची पेरे सोलली. तरीही सूर्यास्त पाहूनच उठला, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. आज टेकडीच्या कड्यावर उभे राहून हातातल्या मोबाईलकडे पाहत मागे मागे सरकणारी तरुण मंडळी पाहिली की मला ग्रेसाहेब आठवतात.

याच वेडातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. सर जॉर्ज ब्यूमाँट हे चित्रांचे मोठे संग्राहक, क्लोदचे भक्त. जुन्या चित्रांवरचे वार्निश काळाने पिवळसर-तपकिरी होते. ब्यूमाँटना वाटे, हाच चित्राचा खरा रंग. निसर्गचित्राचा एकंदर रंग जुन्या फिडलसारखा असावा, असे ते म्हणत. त्यांच्या ओळखीचा जॉन कॉन्स्टेबल हा गिरणीवाल्याचा मुलगा; शेते, बांध, पाणचक्क्या यांत वाढलेला. त्याने वाद घातला नाही. एक जुने फिडल उचलले आणि घरासमोरच्या हिरव्या हिरवळीवर नेऊन ठेवले.

आमच्या मामांनी फोनवर केले ते याहून वेगळे काय होते?

पण इथेच थांबलो तर पिवळ्या काचेवर अन्याय होईल. तिची दुसरी हकिकत निराळी आहे, आणि ती मला आधी ठाऊक नव्हती. छायाचित्रणाची जुनी काचपट्टी अर्धी आंधळी होती. तिला निळा आणि जांभळा तेवढा दिसे. हिरवा-पिवळा जवळजवळ नाहीच, तांबडा तर काळाच. निळे आकाश आणि पांढरा ढग तिला सारखेच. म्हणून त्या काळच्या देखाव्यांत झाडे काळीठिक्कर आणि आकाश कोऱ्या कागदासारखे. गुस्ताव्ह ल ग्रे नावाच्या फ्रेंच माणसाने 1856-57 च्या सुमारास यावर युक्ती काढली. समुद्र एका पट्टीवर, ढग दुसऱ्या पट्टीवर घ्यायचे आणि छापताना दोन्ही जोडायचे. 1873 साली बर्लिनच्या हेर्मान फोगेलने शोधून काढले की पट्टीच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर तिला हिरवा-पिवळाही दिसू लागतो. तरी निळ्याची ओढ तिला जास्तच. तेव्हा भिंगापुढे पिवळी काच आली. ही काच निळ्या उजेडाला वाटेत अडवते. त्यामुळे आकाश थोडे गडद उतरते आणि ढग, जे माणसाच्या डोळ्याला आधीपासून दिसतच होते, ते चित्रात प्रकट होतात. किंमत एवढीच, की उजेड कमी पडतो आणि नेहमीच्या पिवळ्या काचेला सुमारे दुप्पट वेळ द्यावा लागतो.

म्हणजे ही काच नटवायला आली नव्हती. ती चष्मा म्हणून आली होती. 1906 साली इंग्लंडातल्या क्रॉयडनच्या रॅटन आणि वेनराइट या कंपनीने सर्व रंग पाहणाऱ्या पट्ट्या विकायला काढल्या, आणि त्यांच्याबरोबरच्या रंगीत काचांना आजही रॅटनचे नाव व क्रमांक चालतात. 1907 साली ल्युमिएर बंधूंची रंगीत पट्टी बाजारात आली. ती कशाची, तर बटाट्याच्या पिठाच्या रंगवलेल्या कणांची! तिलाही भिंगापुढे पिवळसर-नारिंगी काच लावल्यावाचून गत्यंतर नव्हते, नाहीतर सारे जग निळे.

इथे थोडे विषयांतर करून एक घोळ मिटवतो. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलेल्या प्रत्येक मुलाला आपण शिकवतो की तांबडा-पिवळा उष्ण रंग आणि निळा शीत. लोहाराच्या भट्टीत मात्र उलटे घडते. लोखंड आधी लाल होते, तापेल तसे पिवळे, मग पांढरे. आणि त्याहूनही तप्त असलेले तारे निळसर दिसतात. छायाचित्रकार उजेडाचा रंग केल्व्हिन या मापात मोजतात तो याच हिशेबाने. चित्रशाळेतल्या तारेच्या दिव्यांचा पिवळा उजेड सुमारे 3200, भर दुपारचा सुमारे 5500, आणि सावलीतला किंवा आभाळ आलेल्या दिवसाचा त्याहूनही वर, म्हणजे निळा. दिव्यांसाठी बनवलेली फिल्म उन्हात नेली की सगळे निळे पडते. म्हणून 85 क्रमांकाची नारिंगी काच भिंगापुढे लावायची, म्हणजे हिशेब पुन्हा जुळतो. ढगाळ दिवसासाठी 81 क्रमांकाची फिकट काच. हीही दुरुस्तीच. पण दुरुस्तीचे हत्यार हाती आले की मोडलेले नसतानाही ते चालवण्याचा मोह होतो. उन्हाच्या फिल्मवरच 81 लावली, तर दुपारची तिसरा प्रहर होते. मोबाईलमधला ‘वॉर्म’ तो हाच, फक्त काच उरलेली नाही, आकडे उरले आहेत.

सिनेमावाल्यांनी हा मोह फार पूर्वीच शास्त्रासारखा मांडून ठेवला होता. मूकपटांच्या काळात फिल्मच्या पट्ट्याच रंगाच्या कुंडात बुडवून काढत. रात्र निळी, आग तांबडी, ऊन आणि दिवा अंबरासारखा पिवळा. प्रेक्षकाला ही लिपी वाचता येत असे. निळ्या पडद्याला कोणी खोटे म्हणत नसे. बोलपट आले तेव्हा या रंगांनी आवाजाच्या पट्टीत व्यत्यय येऊ लागला. म्हणून कोडॅकने 1929 साली आवाज न बिघडवणाऱ्या सोळा रंगछटांची फिल्म काढली. त्यातल्या एका पिवळ्या छटेचे नाव ‘सूर्यप्रकाश’! सूर्यप्रकाश दुकानात मिळू लागला होता. आपल्याकडे शांतारामबापूंनी ‘सैरंध्री’चे चित्रण केले आणि 1933 साली त्याच्या रंगीत प्रती जर्मनीत करून घेतल्या. रंग मनासारखे उतरले नाहीत. ‘प्रभात’ पुन्हा कृष्णधवलाकडे वळली आणि त्या कृष्णधवलातच 1936 चा ‘संत तुकाराम’ झाला. हा तोटा होता असे मला तरी वाटत नाही.

आता सन 2000. एकाच वर्षी दोन अमेरिकन चित्रपट आले. कोएन बंधूंच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ ची कथा 1930 नंतरच्या मंदीच्या काळातली. चित्रीकरण मिसिसिपीत, ऐन उन्हाळ्यात. आणि तिथला उन्हाळा म्हणजे हिरवाच हिरवा. त्यांना तर हवी होती जुन्या पोस्टकार्डासारखी धुळीची पिवळी भूमी. छायाचित्रकार रॉजर डीकिन्स यांनी सगळा चित्रपट संगणकात घेतला आणि हिरवी पाने वाळकी पिवळी केली. सबंध चित्रपटावर असे काम करण्याच्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी हा एक. आमच्या आठवीतल्या पोराचा गुरू तो हाच म्हणायचा. दुसरा चित्रपट सोडरबर्ग यांचा ‘ट्रॅफिक’. त्यात अमेरिकेतल्या ओहायोचे प्रसंग थंड निळे आणि मेक्सिकोचे तंबाखूच्या रंगाच्या काचेतून घेतलेले, करपलेले. तीन गोष्टी एकमेकांत गुंफलेल्या असल्याने प्रेक्षकाचा गोंधळ होऊ नये ही दिग्दर्शकाची सोय मला समजते. पण काच कोणाच्या वाट्याला कोणती आली, हेही दिसते.

पुढे ती वाट मळली. मेक्सिको, अरबस्तान, आपला देश, परदेशी कॅमेऱ्यातून यांच्यावर वरचेवर पिवळी छटा येऊ लागली. 2020 साली ‘एक्स्ट्रॅक्शन’ हा चित्रपट आला. कथा ढाक्याची, चित्रीकरण मुख्यतः अहमदाबादेत आणि थायलंडात, आणि सगळ्यावर कावीळ झाल्यासारखा पिवळा रंग. बंगाल म्हणजे पाणी, भात आणि शेवाळ. तिथल्या माणसाने तो रंग पाहून काय म्हणावे? लोकांनी त्या वर्षी जाहीरपणे तक्रार केली आणि ती रास्त होती. ब्यूमाँटसाहेब निदान आपल्याच देशाला तपकिरी करू पाहत होते.

अर्थात मी कोणत्या तोंडाने बोलू? माझ्या पहिल्या कादंबरीत नायिका गाव सोडून जाते तो प्रसंग मी सांजउन्हात लिहिला आहे. आमच्या गावची एस.टी. सकाळी साडेसातला सुटते, आणि ती गेल्यावर दुसरी गाडी नाही. गावातल्या एका म्हातारबाबांनी वाचून मला विचारले होते, “गुरुजी, ती गेली कशानं मग?”

भाद्रपदात या प्रकरणाला एक पुरवणी जोडली गेली. गावातल्या एका शेतकऱ्याचे सोयाबीन खरोखरच पिवळे पडले. त्याने नव्या मोबाईलवर फोटो काढून तालुक्याच्या एका औषधदुकानदाराला पाठवला. उलट निरोप आला, पीक चांगले दिसते, काळजी नसावी. आम्ही फोटो पाहिला तर पाने शेतात होती त्यापेक्षा किती तरी हिरवी! त्या मोबाईलला झाडपाला ओळखू येतो आणि ओळखू आला की तो आपणहून हिरवा रंग चढवतो. मालकाला विचारीत नाही. शेतकरी संध्याकाळी शाळेत आला आणि आमच्या त्या चित्रपटकाराला म्हणाला, “तुझं ते पिवळं टाक बाबा ह्याच्यावर. हाय तसं दिसंल तरी.”

पोराने माझ्याकडे पाहिले. खरे सांगतो, क्षणभर मला काही सुचेना. पिवळी काच पुन्हा चष्मा व्हायला निघाली होती, पण अंदाजाने लावलेल्या चष्म्याचा नंबर बरोबर येईलच असे नाही, आणि औषधाचा खर्च त्या नंबरावर ठरणार होता. मी वहीचे कोरे पान फाडून दिले. सकाळी दहाच्या उजेडात रोगट पान त्या कागदावर ठेवायचे, शेजारी एक निरोगी पान, मोबाईलची ती आपोआप सजवण्याची सोय बंद करायची आणि कागदासकट फोटो घ्यायचा. कागद पांढरा दिसला तर पानाचा रंगही खरा धरता येतो. छायाचित्रकार मंडळी पांढरा-करडा पुठ्ठा वापरतात, त्याचीच ही गरिबाघरची आवृत्ती.

फोटो गेला. दुपारी दुकानदाराचाच फोन आला, रोगट झाडे उपटून टाका आणि माशीसाठी फवारा. एक एकर बऱ्यापैकी वाचले, ओढ्याकडचे अर्धे गेले. त्याच आठवड्यात पोराने गावाची दुसरी चित्रफीत काढून मामांना पाठवली, फिल्टर न टाकता. मामांनी या खेपेला फोन केला तो फक्त दसऱ्याला कधी येणार ते सांगायला.