निवारा-समन्वय प्रशिक्षण

निवारा-समन्वय प्रशिक्षण : भूकंप, महापूर, चक्रीवादळ यांसारख्या आपत्तींत किंवा युद्धजन्य विस्थापनात ज्यांची घरे गेली, त्यांच्या आश्रयासाठी एकाच वेळी धावून येणाऱ्या सरकारी खात्यांच्या व सेवाभावी संस्थांच्या कार्याची सांगड घालण्याची पात्रता ज्या व्यावसायिक शिक्षणाने येते, त्यास निवारा-समन्वय प्रशिक्षण म्हणतात. गरजांची पाहणी, साहित्याची वाटणी, जागेची निवड, बांधकामाचे निकष आणि तात्पुरत्या आडोशापासून कायम घरापर्यंतचा क्रम हे त्याचे प्रमुख विषय होत. समन्वयक स्वतः भिंत उभारीत नाही; ज्यांच्या कामाचा मेळ त्याने घालावयाचा, त्यांपैकी एकही संस्था त्याच्या हुकमतीखाली नसते; तरीही एका गावात तीनदा ताडपत्र्या पोचल्या आणि ओढ्यापलीकडच्या वाडीवर एकही पोचली नाही, तर त्याचा जाब प्रथम त्यालाच द्यावा लागतो. अधिकारावाचून एकवाक्यता घडवून आणण्याचे हे काम निव्वळ सद्भावनेने पार पडत नाही, हे अनेक आपत्तींत कटू अनुभवाने कळून आल्यामुळेच त्यासाठी स्वतंत्र शिक्षणाची गरज उत्पन्न झाली.

पूर्वपीठिका : आपत्तीनंतरचा निवारा म्हणजे बाहेरून आणून द्यावयाची तयार वस्तू, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. ४ फेब्रुवारी १९७६ रोजी ग्वातेमालात झालेल्या भूकंपानंतर फ्रेड क्यूनी या अमेरिकन तज्ज्ञाने ऑक्सफॅमसारख्या संस्थांच्या सहकार्याने, घरे बांधून देण्यापेक्षा गवंड्यांना व गावकऱ्यांना भूकंपात तगणारे घर बांधावयास शिकविण्यावर भर दिला. ब्रिटिश वास्तुविशारद इयन डेव्हिस यांचा ‘शेल्टर आफ्टर डिझास्टर’ हा ग्रंथ १९७८ मध्ये निघाला, आणि त्याच नावाची मार्गदर्शक तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती-साहाय्य समन्वयक कार्यालयाने १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. निवारा ही वस्तू नसून एक प्रक्रिया आहे आणि त्या प्रक्रियेचा पहिला कर्ता स्वतः आपद्ग्रस्तच असतो, हा जो विचार या सर्व खटाटोपातून प्रस्थापित झाला, तोच आजच्या प्रशिक्षणाचा पाया होय.

क्लस्टर पद्धती : संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर १९९१ मध्ये संमत केलेल्या ४६/१८२ क्रमांकाच्या ठरावाने मानवतावादी साहाय्याच्या समन्वयाची चौकट घालून दिली. २००५ मधील सुधारणांनी आरोग्य, पाणीपुरवठा, निवारा अशी कामांची गटवार विभागणी केली व प्रत्येक गटाला, म्हणजे ‘क्लस्टर’ला, एक जबाबदार संस्था नेमून दिली. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपाने काश्मीर व उत्तर पाकिस्तानातील सुमारे ३५ लाख लोक बेघर झाले असता या पद्धतीची पहिली कसोटी लागली. हिवाळा तोंडावर होता आणि पाठविलेले बहुतेक तंबू हिमवृष्टीस पुरे पडणारे नव्हते. तेव्हा पडक्या घरांचे लाकूड व नवे पन्हळी पत्रे यांतून प्रत्येक कुटुंबाला निदान एक उबदार खोली उभारता यावी, असे धोरण आखावे लागले. पुढे नैसर्गिक आपत्तींतील निवाऱ्याच्या समन्वयाची जबाबदारी रेड क्रॉस व रेड क्रेसेंट संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पत्करली, तर संघर्षजन्य विस्थापनातील जबाबदारी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडे राहिली. महासंघाने ही कामगिरी प्रथम मे २००६ मधील योग्यकर्ता येथील भूकंपानंतर बजावली.

अभ्यासक्रमाचे स्वरूप : डेव्हिस ज्या ऑक्सफर्ड पॉलिटेक्निकमध्ये आपत्ती-व्यवस्थापन शिकवीत, तिचेच पुढे ऑक्सफर्ड ब्रूक्स विद्यापीठ झाले, आणि महासंघाच्या निवारा-प्रशिक्षणाशी या विद्यापीठाचा निकटचा संबंध राहिला आहे. समन्वयाच्या पथकात सामान्यतः समन्वयक, माहिती-व्यवस्थापक आणि तांत्रिक सल्लागार अशा तीन भूमिका असतात. कोण, काय व कोठे करीत आहे, याची नोंद अद्ययावत ठेवून उणिवेच्या जागा नकाशावर दाखविणे हे माहिती-व्यवस्थापकाचे काम. स्थानिक बांधणीस साजेसे निकष सिद्ध करणे हे सल्लागाराचे. नोव्हेंबर २०१३ मध्ये फिलिपिन्समध्ये हैयान चक्रीवादळाने ११ लाखांहून अधिक घरांची हानी केल्यावर तेथील निवारा-गटाने पाया, कैच्या, सांधे, छप्पर इत्यादींविषयी सुरक्षित पुनर्बांधणीचे आठ सुबोध संदेश प्रसृत केले, हे त्या कामाचे नमुनेदार उदाहरण होय.

समन्वयकाचे शिक्षण मुख्यत्वे प्रात्यक्षिकावर अवलंबून असते. काल्पनिक आपत्तीचा प्रसंग रचून प्रशिक्षणार्थ्यांपुढे अपुरी व परस्परविरोधी माहिती ठेवली जाते. कोणी देणगीदाराच्या, कोणी मंत्र्याच्या, तर कोणी आपल्याच गावाचा आग्रह धरणाऱ्या संस्थेच्या भूमिकेतून बैठकीला येतो, आणि ठरलेल्या मुदतीत सर्वांना मान्य होईल असा धोरणाचा मसुदा त्यांतून तयार करावा लागतो. समन्वयकाने आपल्या मातृसंस्थेच्या मदतकार्यापासून अलिप्त राहिले पाहिजे, हे तत्त्व येथे आवर्जून बिंबविले जाते; कारण साहित्य वाटणारा आणि वाटणीचा मेळ घालणारा एकच असेल, तर त्याच्या निःपक्षपातावर इतरांचा विश्वास बसत नाही.

निकष : १९९७ मध्ये आरंभ झालेल्या ‘स्फिअर’ उपक्रमाच्या हस्तपुस्तिकेचा अभ्यास सर्वत्र आवश्यक मानला जातो. तीनुसार प्रत्येक व्यक्तीस किमान ३.५ चौरस मीटर आच्छादित जागा मिळावी, म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबास १७.५ चौरस मीटर. वसाहतीत रस्ते व सामाईक सोयी धरून दरडोई ४५ चौरस मीटर क्षेत्र असावे. आणि दर ३०० मीटर वस्तीमागे ३० मीटरांचा मोकळा पट्टा अग्निरोधासाठी सोडावा. परंतु या आकड्यांचे पाठांतर म्हणजे ज्ञान नव्हे. ज्याच्या नावावर जमीनच नाही अशा भाडेकरूला कोणत्या यादीत घालावे, न्हाणीची जागा कोठे असल्यास स्त्रियांना निर्धास्तपणे वावरता येईल, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही कोष्टकात सापडत नाहीत, आणि प्रशिक्षणाचा खरा कस तेथेच लागतो.

महाराष्ट्राचा अनुभव : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली, दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरील जड माळवदे यांनीच झोपलेल्यांचा घात केला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. निरनिराळ्या संस्थांनी गावे दत्तक घेतली. घरांचे आकार मात्र सरकारने कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फूट असे ठरविले. सातबाऱ्यावरून घराची लांबीरुंदी ठरावी काय, आणि गल्लीबोळांतून शेजार सांभाळणाऱ्या गावाला आखीव, ऐसपैस रस्त्यांची वसाहत मानवावी काय, हे तेथे उपस्थित झालेले प्रश्न निवाऱ्याच्या प्रत्येक अभ्यासकाने विचारात घ्यावेत असे आहेत. याउलट, मूळ जागीच राहिलेल्या गावांतील घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणात गावातल्याच स्त्रियांची ‘संवाद सहायक’ म्हणून नेमणूक झाली. अनुदानाचे हप्ते, सिमेंटचा पुरवठा आणि गवंड्याच्या कामाची प्रत यांबाबत सरकारी दफ्तर व घरधनीण यांच्यामध्ये त्या दुवा बनल्या, आणि समन्वयाचे कौशल्य साध्या ग्रामीण स्त्रियांनाही आत्मसात करता येते, हे त्यांनी सिद्ध केले. २६ जानेवारी २००१ च्या कच्छमधील भूकंपानंतर गुजरातेत घरमालकाच्याच हाती पुनर्बांधणी सोपविण्याच्या धोरणाला मोठे यश लाभले.

भारतातील व्यवस्था : आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये राष्ट्रीय, राज्य व जिल्हा अशा तिन्ही स्तरांवर प्राधिकरणे स्थापन झाली असून, राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१९ मध्ये तात्पुरत्या निवाऱ्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था, पुण्याची ‘यशदा’ व मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था यांच्याद्वारे आपत्ती-व्यवस्थापनाचे शिक्षण दिले जाते. त्यात निवाऱ्याच्या समन्वयाला स्वतंत्र व भरीव स्थान मिळणे अगत्याचे आहे. परदेशी पथक येवो वा न येवो, पहिल्या रात्री ताडपत्र्यांचा हिशेब ठेवणारा तलाठी, शाळेच्या खोल्या उघडून देणारा मुख्याध्यापक आणि दारी आलेल्या प्रत्येक संस्थेला कोणत्या वाडीवर जावे हे सांगणारा तहसीलदार, हेच आपल्याकडील प्रत्यक्ष समन्वयक असतात. आणि हे शिक्षण त्यांच्यापर्यंत आपत्तीच्या आधी पोचले, तरच ओढ्यापलीकडच्या वाडीला त्याचा उपयोग होईल.