अरुंद आणि तिरके वळण : देवनागरी मथळ्याच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

बारामती व इंदापूर या तालुक्यांत सहकारी संस्थांची नावे लांबलचक असतात. ‘श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना मर्यादित, भवानीनगर’ हा मजकूर एका ओळीत व दुरून वाचता येईल एवढ्या उंचीत बसवावयाचा, तर अक्षरे आवळण्यावाचून गत्यंतर नसते. फ्लेक्स फलकांवर तीच अक्षरे पुष्कळदा उजवीकडे कललेलीही असतात. हे तिरके वळण देवनागरीच्या परंपरेतून आलेले नाही.

रोमन लिपीत त्याला वंशपरंपरा आहे. व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने १५०१ मध्ये फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरलेली तिरकी अक्षरे ग्रंथछपाईत आणली. ती विद्वानांच्या जलद हस्ताक्षरावर बेतलेली होती. टोकांना आडव्या काड्या नसलेला सॅन्स सेरिफ टंक लंडनच्या विल्यम कॅस्लन चौथा याने दाखविला तो १८१६ मध्ये. मराठीत जलद लेखनाचे काम मोडीकडे होते. छपाईने मात्र बाळबोध स्वीकारली. बंगालमधील सेरामपूर येथे छापलेल्या कॅरीच्या १८१० च्या मराठी कोशात मोडी खिळे वापरले गेले, पण ती वाट पुढे रुळली नाही. बारामतीस राहिलेल्या मोरोपंतांची (१७२९–१७९४) कविता निर्णयसागरच्या ‘काव्यसंग्रह’ मालेतून लोकांपुढे आली, तीही उभ्या बाळबोध खिळ्यांतच. ज्या हस्तलेखनातून मराठीचा तिरका टंक स्वाभाविकपणे निपजला असता, ते छापखान्याच्या उंबऱ्याबाहेरच राहिले.

यास यांत्रिक कारणही होते. ‘डिग्री’ पद्धतीत मधले अक्षर, वरची मात्रा व खालचा उकार वेगवेगळ्या खिळ्यांवर असून ते थरांत जुळवीत. अक्षर कलले की मात्रा उजवीकडे आणि उकार डावीकडे सरकला पाहिजे. चौकोनी धातूच्या तुकड्यांत हे साधणे दुष्कर. अरुंदपणाची अडचण निराळी. शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली जागा राखावी लागते, त्यामुळे उंची वाढविण्यास मर्यादा पडते. आणि ‘क’, ‘ण’, ‘क्ष’ आवळले की पोटातील पोकळी बुजते. ब्रश चालविणारा पेंटर ही पोकळी डोळ्यांनी तोलीत असे व प्रत्येक मात्रा नव्याने बेतीत असे.

पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’सारख्या संचांमुळे मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली आणि कोरलड्रॉमध्ये कोणतेही अक्षर एका आज्ञेने आवळता व कलविता येऊ लागले. सुविधा मोठी, पण किंमतही द्यावी लागली. आडवे आवळताना उभे दंड बारीक होतात, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते. एकजाड म्हणून निवडलेला टंक एकजाड राहत नाही. येथे दोष चालकाचा नव्हे; त्याच्यापुढे मुळात अरुंद म्हणून रेखाटलेली देवनागरी क्वचितच होती.

ती उणीव इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘खंड’ व ‘टेको’ या २०१४ मध्ये गूगल फाँट्सवर खुल्या झालेल्या टंकांनी पुष्कळ अंशी भरून काढली. दोन्ही अरुंद, दोन्ही मथळ्यांसाठी. परंतु तेथे दोहोंनाही स्वतंत्र तिरकी जोड दिलेली नाही.