एकवीस, अठरा आणि आपली बॅच

स्मरणिकेसाठी लेख मागवले गेले तेव्हा सहल, गॅदरिंग, हजेरी आणि छडी हे विषय पहिल्याच दिवशी ग्रुपवर वाटले गेले. मला उरले नागरिकशास्त्र. शाळेतही ते असेच उरायचे. इतिहासाच्या मागोमाग, वर्ष संपत आल्यावर घाईघाईने उरकायचे, थोडक्या मार्कांसाठी. पण आपण १९९५ च्या दहावीचे आहोत, आणि तरुणांच्या मताबाबत या राज्यात ज्या दोन मोठ्या गोष्टी घडल्या त्या दोन्ही आपण शाळेत असतानाच घडल्या. एक आपण चौथीत असताना, दुसरी दहावीच्या सुमारास. तेव्हा त्या कोणाला कळल्या नाहीत, म्हणून आता लिहिते.

चौथीतली गोष्ट अशी. डिसेंबर १९८८ मध्ये संसदेने ६१ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. राज्यघटनेच्या कलम ३२६ मध्ये मतदाराचे वय एकवीस होते, ते अठरा केले. २८ मार्च १९८९ पासून ती लागू झाली. पंतप्रधान राजीव गांधी होते. आजचा तरुण शिकलेला आहे, त्याला राजकारणाची जाण आहे, त्याला आपली भावना व्यक्त करण्याची संधी मिळावी, असे कारण सरकारने दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोकसभेची निवडणूक झाली. मतदार यादी पन्नास कोटींच्या घरात गेली, आणि ज्या पक्षाने हा अधिकार दिला त्याचेच बहुमत गेले.

अठरा ते वीस या वयाची मुले त्याआधी गप्प बसली होती असे मात्र नाही. उलट महाराष्ट्रात मताचा विषय तरुणांनीच लावून धरला होता. १९१९ च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे अस्पृश्य समाजाला मताधिकार आणि प्रतिनिधित्व कसे मिळावे हे सांगायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नुकतेच प्राध्यापक झालेले. त्या काळी मत मिळायचे ते सारा, कर, मिळकत बघून. ज्याला जमीनच धरू दिली जात नव्हती त्याला सारा भरल्याची पावती मागायची, हा त्या कायद्याचा न्याय. पुढे १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी सरळ प्रौढ मताधिकार मागितला, स्त्री आणि पुरुष दोघांसाठी.

आपल्या जिल्ह्याचे सांगायचे तर सोलापूर १९३० हे आपण सर्वांनी पाठ केलेले आहे. गांधीजींना अटक झाली, मे महिन्यात शहर पेटले, मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्मा चौकातून आपण कितीदा गेलो असू. त्यातले शिंदे आणि कुर्बान हुसेन पंचविशीच्या आतले होते, हे मात्र मला चाळिशी उलटल्यावर लक्षात आले. शाळेत असताना फोटोतली सगळीच माणसे मोठी वाटायची.

पुढे घटनेने एकवीस वर्षांवरच्या सगळ्यांना एका झटक्यात मत दिले. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत यादीत १७ कोटींवर नावे होती आणि त्यातली बहुतेक माणसे निरक्षर. पण माझ्या धंद्यामुळे माझे लक्ष दुसऱ्याच आकड्याकडे जाते. त्या यादीतून सुमारे २८ लाख बायकांची नावे गाळावी लागली. बहुतेक उत्तर भारतातल्या. का, तर त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अशा नोंदी धरायला तयार झाले नाहीत. मी वीस वर्षांहून अधिक काळ डेटाबेसवर काम करते. ज्या नोंदीला स्वतःची ओळख नाही ती नोंद टिकत नाही, हे मला रोज दिसते. म्हणून सेन यांचे बरोबरच होते असे मी म्हणते. तरी त्या २८ लाख बायकांचे मत त्या वर्षी गेले ते गेलेच.

साठ आणि सत्तरच्या दशकात पुण्यात युवक क्रांती दल, मुंबईत १९७२ साली दलित पँथर, मग मराठवाड्यातली विद्यार्थ्यांची आंदोलने, आणीबाणीत तुरुंगात गेलेली कॉलेजची पोरे. त्यांतल्या एकवीस पूर्ण न झालेल्यांना लाठी खाता येत होती, शिक्का मारता येत नव्हता. १९८९ ला हे अंतर मिटले.

आता दुसरी गोष्ट. १९८९ सालीच मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. कॉलेजच्या निवडणुका म्हणजे मारामाऱ्या, पैसा आणि बाहेरचे पुढारी असे चित्र आधीच होते. शेवटी १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांची थेट निवडणूकच काढून टाकली. वर्गात ज्याला जास्त मार्क तो वर्ग प्रतिनिधी. म्हणजे पाच वर्षांपूर्वी ज्या मुलाला देशाचा पंतप्रधान ठरवण्याइतका शहाणा मानले, तोच आता वर्गाचा सीआर निवडण्याइतका शहाणा उरला नाही!

मी हे ऐकीव सांगत नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मी अशीच सीआर झाले. नोटीस बोर्डावर नाव लागले, बस. कोणी मत दिले नव्हते, त्यामुळे कोणी काही मागायलाही आले नाही. होस्टेलच्या पाण्याची तक्रार मुले त्यांच्या मनाने ठरवलेल्या एका मुलाकडे न्यायची, ज्याचे दोन विषय राहिले होते. तो प्राचार्यांकडे गेला की त्यांनी विचारायचे, तू कोण? आणि मी गेले की मुलांनी विचारायचे, तू कोण? आपल्या शाळेत निदान मंत्रिमंडळाची निवडणूक व्हायची. वहीच्या पानाच्या चिठ्ठ्या, कंपासपेटीत टाकायच्या, बाई सगळ्यांसमोर मोजायच्या. पाणीमंत्री म्हणून निवडून आलेल्याला टाकी रिकामी दिसली की आपण मधल्या सुट्टीत घेरायचो. आठवीच्या वर्गातली ती चिठ्ठी कॉलेजच्या चार वर्षांत मला पुन्हा दिसली नाही.

नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून माजी निवडणूक आयुक्त लिंगडोह यांची समिती बसली. २००६ मध्ये तिने निवडणुका घ्या, पण खर्च पाच हजारांच्या आत, छापील पोस्टर नको, वयाची मर्यादा हवी, अशी चौकट दिली. महाराष्ट्राने २०१६ च्या नव्या विद्यापीठ कायद्यात थेट निवडणूक परतही आणली. २०१९ ला वेळापत्रक ठरले आणि पुढे ढकलले गेले. माझा भाचा २०२४ ला पदवी घेऊन बाहेर पडला, तोही एकदाही मत न देता. मारामाऱ्या थांबवायच्या होत्या हे मला मान्य आहे. पण एसटीचा अपघात झाला म्हणून कोणी रस्ता उखडत नाही.

आपल्या वर्गाचे पहिले मोठे मतदान सप्टेंबर १९९९ चे. लोकसभा आणि विधानसभा एकत्र. मी स्वारगेटहून एसटीने टेंभुर्णीला आले, वडिलांनी नाव घालून ठेवले होते, शिक्का मारला. केंद्राबाहेर आपल्या वर्गातली मुले भेटली, नऊ-दहा तरी असतील. मुलगी मी एकटी. तेव्हा वाटले, बाकीच्या संध्याकाळी येतील. त्या येणार नव्हत्या. बहुतेकींची लग्ने झाली होती. कोणी मोहोळला, कोणी इंदापूरला, कोणी करमाळ्याला गेली होती.

मुलीला अठरा पूर्ण झाली की कायद्याने दोन गोष्टी एकदम होतात: तिला मत मिळते आणि तिचे लग्न करता येते. मतदार यादी ही राहत्या पत्त्याची यादी. मुलाचा पत्ता बदलत नाही, तो वडिलांच्या नावाखाली आपोआप यादीत येतो. मुलीचे नाव माहेरी लागायच्या आत पत्ता बदलतो. सासरी आडनाव बदलते, कित्येकदा पहिले नावही. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरे. या मेळाव्यासाठी मी मैत्रिणींना फोन केले तेव्हा मुद्दाम विचारले, पहिले मत कधी दिलेस? चौघींनी २००४ सांगितले, एकीने त्याच्याही नंतरचे साल. एकजण म्हणाली, "अगं, ग्रामपंचायतीला महिला राखीव आली आणि घरच्यांना मला उभी करायची होती, तेव्हा कुठे माझे नाव यादीत शोधले." ती निवडून आली. पुढच्या वेळी राखीव नसताना पुन्हा उभी राहिली, तेव्हा मात्र घरच्यांना विचारले नाही.

दहावीच्या निकालाच्या यादीत आपण मुली वरच्या दहात सहा होतो. चार वर्षांनंतरच्या त्या दुसऱ्या यादीत कुठे होतो, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही, कारण याद्या कोण बघतो? बघतात ते आपले शिक्षक. जनगणना, यादी, केंद्र, शाई, पेट्या, सगळे त्यांच्याच गळ्यात. शाळेला सुट्टी म्हणून आपण खूश व्हायचो, आणि सर कुठल्या तरी वाडीवर रात्री बेंचवर झोपायचे.

आता आपली मुले अठराची होत आहेत. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण हवे, नाहीतर वर्षभर थांबा, असा नियम होता. २०२२ पासून वर्षात चार तारखा झाल्या: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाले की अर्ज आधीच भरून ठेवता येतो. तरी २०२४ च्या लोकसभेआधी अठरा-एकोणीस वयाची नावे देशभरात १ कोटी ८० लाखांच्या आसपासच होती. या वयाची मुले चार कोटींहून जास्त आहेत. पुण्यात होस्टेलवर राहणाऱ्या मुलाला गावी किंवा होस्टेलच्या पत्त्यावर, कुठेही एकाच ठिकाणी नाव लावता येते, हे कित्येक पालकांना माहीत नाही. फॉर्म ६ नवीन नावासाठी, फॉर्म ८ पत्ता किंवा नाव बदलण्यासाठी. लग्न झालेल्या लेकी-सुनांसाठी हा आठ नंबरचा जास्त महत्त्वाचा.

आणि यादीत नाव असूनही भागत नाही. आपल्या जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली, त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच. त्या काळात अठरा झालेल्या पोरांनी रस्ता आणि शाळेची खोली कोणाकडे मागायची? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितले, तेव्हा त्यासाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली गेली. माझी मुलगी ऑगस्टची आहे. तिचा अर्ज भरून झालाय. जिल्हा परिषदेचे मत तिला पुढच्या वेळी.